पोरांचे कान कच्चे नाहीत

चि. सोनू,


तुझा निरोप आणि वह्यांचे फोटो काल रात्री पाहिले, आणि झोपच उडाली. पाचवीच्या श्रुतलेखनासाठी शंभर शब्दांची यादी मागितलीस, ते ठीक. पण खाली जे लिहिलंस, 'आत्या, या पोरांचे कानच कच्चे आहेत', ते मला फार लागलं. नानांसारख्या शिक्षकाच्या हाताखाली शिकलेल्या मुलीनं असं म्हणावं? ओसरीवर त्यांच्या फळ्यासमोर शिकताना तुला कधी कुणी असं बोललं होतं का?

पहिल्या वहीतल्या मुलीचे तू लाल शाईनं गोल केलेले शब्द पुन्हा एकदा बघ. गूण, वीष, मधूर, मंदीर, गणीत, रसीक. त्याच पानावर त्याच मुलीनं गरीब, वकील, कठीण, मीठ, फूल हे शब्द बिनचूक लिहिलेत. तिकडे तुझं लक्षही गेलेलं दिसत नाही. आता ते 'चुकलेले' शब्द मोठ्यानं म्हण. 'गुण' म्हणताना तुझा तरी उकार आखूड राहतो का? शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा इकार-उकार मराठी तोंडात लांबतोच. पीठ, चूल, मूठ, सगळीकडे तेच. त्या मुलीनं ऐकलं तसं लिहिलं, आणि ऐकलं ते बरोबरच ऐकलं. गुण, विष, मंदिर हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आणि त्यांचं मूळचं लेखन आपण राखलं, म्हणून ते ऱ्हस्व. ही गोष्ट तिला कुणी सांगितली होती? सांगितली नसेल तर दोष कानाला कसा देतेस?

दुसऱ्या वहीतली चूक मात्र निराळी आहे. 'फूलाला', 'चूलीत', 'पीठात'. या मुलानं कान वापरलेलाच नाही. फूल हा शब्द डोळ्यांनी पाठ केला आणि त्याला शेपूट जोडलं. त्याला पंचवीस वेळा 'फुलाला' लिहायला लावलंस, त्यानं हात दुखेल, दुसरं काही होणार नाही. त्याला जवळ बोलाव. पाटीवर बोटानं रेघ ओढत म्हणायला सांग: चूल, चुलीत. पीठ, पिठात. मूठ, मुठीत. चूल म्हणताना बोट लांबवर जातं, चुलीत म्हणताना 'चु' लगेच आटपतो. दोन-चार शब्दांत त्याचं त्यालाच कळेल की प्रत्यय लागला की आधीचा स्वर आखडतो. मग नियम सांग. आधी नको.

तुमच्या शाळेत शुद्धलेखनाच्या अठरा नियमांचा तक्ता टांगलाय, तोही फोटोत दिसला. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम शासनानं 1962 साली स्वीकारले, 1972 साली त्यांत आणखी 4 आले. ते मोठ्यांच्या लेखनाला शिस्त लागावी म्हणून. दहा वर्षांच्या पोरानं घोकावेत म्हणून नव्हेत. आणि त्या नियमांनी केलं काय, ते तरी आठव. नानांच्या पत्रांतून असायचे ते 'नांव', 'कांही'वरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. 'कवि', 'गुरु' हे शब्द एकटे आले की त्यांचा शेवट दीर्घ केला, कारण आपण तो दीर्घच बोलतो. विद्वानांनी बोलण्याला एवढा मान दिला, आणि आपण शिक्षकांनी पोरांच्या बोलण्याला कच्चं म्हणायचं?

संस्कृतातून आलेले शब्द सुटे देऊ नकोस, घराणं बघून दे. फळ्यावर डावीकडे वर्ष, दिन, समाज, इतिहास, भूगोल लिही. उजवीकडे वार्षिक, दैनिक, सामाजिक, ऐतिहासिक, भौगोलिक. आणि गप्प बस. शेवटचा 'इक' सगळीकडे ऱ्हस्व आहे हे कुणीतरी ओळखेलच. पण त्याहून सुरेख गोष्ट पहिल्या अक्षरात आहे. अ चा आ होतो, इ चा ऐ, ऊ चा औ. हे पोरांना स्वतः सापडू दे. एकदा सापडलं की ती स्वतःहून नवे शब्द जुळवून बघतील, धर्मावरून धार्मिक, नीतीवरून नैतिक. स्वर, लेखन आणि शब्दसंग्रह हे तीन वेगळे तास नाहीतच, सोनू. एकच तास आहे.

मला खरी काळजी वेगळीच आहे. त्या मुलीचा निबंध बघ, 'माझा पाऊस'. पहिल्या पानावर लाल गोल, आणि दुसऱ्या पानापासून सगळं 'छान'. पाऊस छान, झाडं छान, मजा छान. तिला शब्द येत नाहीत असं समजू नकोस. 'छान' लिहिताना चुकायची भीती नाही, म्हणून तिनं तो धरून ठेवलाय. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली पोर ती. सध्या भाताची आवणी चालू असेल. राब, आवण, खाचर, इरलं, ओहोळ, हे शब्द तिच्या तोंडी रोज असतात आणि वहीत एकदाही येत नाहीत. लाल शाईच्या धाकानं मूल आपले शब्द घरी ठेवून शाळेत येतं. पुढे सातवी-आठवीत त्याला 'भाषा कमकुवत' असा शेरा मिळतो. हे मी इतक्या मुलांचं होताना पाहिलंय की आता शांत राहवत नाही.

आणि कुणी 'पानी' लिहिलं तर खोडू नकोस. शेजारी 'पाणी' लिही, हे पुस्तकातलं म्हणून सांग. दोन्ही राहू देत. तेवढी ऐसपैस जागा मुलाच्या डोक्यात असते.

यादी मी पाठवणार नाही. रागावू नकोस. शंभर शब्द पोरांकडूनच घे, शेतातले, चुलीपुढचे, आजीच्या तोंडचे. फळ्यावर त्यांनाच लिहू दे, वाद होऊ देत, बोटानं रेघा ओढू देत, मग तू बरोबर रूप ठरवून दे. श्रुतलेखन त्याच शब्दांचं घे. त्या मुलीला वही परत देण्याआधी जवळ बसवून तिचे बरोबर आलेले शब्द तिला दाखव. आणि पंचवीस वेळा लिहिण्याची ती शिक्षा उद्यापासून बंद कर.

पोरांची यादी तयार झाली की मला पाठव. वाट बघते.

तुझी,
आत्या