गाडी ऑइल कुठून खाते

समृद्धी महामार्ग आमच्याच हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्याहून सुरू होतो. 11 डिसेंबर 2022 ला त्याचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि हिंगण्यातल्या कितीतरी गाड्या पहिल्यांदाच मनसोक्त धावायला लागल्या. तोवर त्यांचं जग म्हणजे एमआयडीसी, वानाडोंगरी, डिगडोह, फार तर सीताबर्डी. माझी गाडीही त्यांतलीच. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, लाखाच्या पुढे गेलेलं मीटर, रोजचं काम घर ते कारखाना आणि संध्याकाळी बाजार. बायकोचं माहेर मेहकरचं. पूर्वी तिकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. समृद्धीवरून थेट मेहकरला उतरता येऊ लागलं आणि आमचं जाणं वाढलं.

एमआयडीसीत इंजिनांचे सिलिंडर होन करणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये मी उमेदीची वर्षं घालवली. त्यामुळे सकाळी गार इंजिनाची ऑइलची पट्टी ओढून पाहायची, ही सवय हाडात मुरलेली. मेहकरहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टी ओढली, तर निघताना वरच्या खुणेला टेकलेलं ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं. बहुतेक छोट्या गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर लिटरभराचं असतं आणि सगळं मिळून ऑइल असतं तीन-साडेतीन लिटर. म्हणजे पाच-सहाशे किलोमीटरच्या एका फेरीत जवळपास तिसरा हिस्सा नाहीसा! गाडीखालची फरशी कोरडी. कूलंटच्या डब्यात तेलाचा तवंग नाही. आणि मला खरा प्रश्न पडला तो वेगळाच. हिंगण्यात फिरत होती तेव्हा महिनोन्‌महिने हीच पट्टी केसभरही हलली नव्हती.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने कॉम्प्युटरकडे पाहत सांगितलं, "सर, हजाराला इतकं चालतं." त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा, कुठे एक लिटरपर्यंत ऑइल जाणं मान्य धरलेलं असतं. पण मर्यादा सांगितली म्हणजे कारण सांगितलं असं होत नाही, आणि मला कारण हवं होतं.

थोडं ऑइल तर प्रत्येक इंजिन जाळतंच. ते मी माझ्या हातांनी घडवलेलं आहे. होनिंग करताना बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, आतल्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढतात. नवीन मुलं कामावर यायची तेव्हा त्यांना वाटायचं, बोअर जितका चकचकीत तितका चांगला. मी त्यांना सांगायचो, आरशासारखा बोअर म्हणजे बिघडलेला बोअर. त्या रेघांत ऑइल धरून राहतं, म्हणून पिस्टन आणि रिंगा कोरड्या घासत नाहीत. पिस्टनला सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, खालची ऑइल रिंग भिंतीवरचं जास्तीचं तेल खरवडून परत तळाला पाठवते. खरवडूनही एक पातळसा थर मागे राहतो, राहायलाच हवा. पिस्टन खाली गेला की तो थर जाळासमोर उघडा पडतो आणि त्यातला कणभर जळतो. तीन हजार आरपीएमवर एक सिलिंडर मिनिटाला दीड हजार वेळा पेटतो; चार सिलिंडरचा हिशेब तासाला तीन लाख साठ हजारांवर जातो. त्या कणांचं किती होत असेल, ते यावरून लक्षात येईल.

समृद्धीवर कारला ताशी 120 ची परवानगी आहे. छोटी गाडी त्या वेगाला टॉप गियरमध्येही तीन हजारांच्या वरच फिरते, आणि तशी ती तासन्‌तास फिरते. ना सिग्नल, ना गतिरोधक. ऑइल तापतं, पातळ होतं, क्रँक ते भिंतींवर जास्त उडवतो. रिंगांवरून तळात उतरणारा वायूही वाढतो. हा वायू ऑइलचे बारीक थेंब सोबत घेऊन ब्रीदरच्या नळीतून परत इंजिनाच्या तोंडाशी येतो आणि पेट्रोलबरोबर जळतो. शिवाय तापलेल्या ऑइलची वाफही होते. प्रयोगशाळेत 250 अंशांवर तासभर तापवून ते किती उडतं हे मोजतात, त्याला नोआक चाचणी म्हणतात. चांगल्या ऑइलमध्येही तेरा-पंधरा टक्क्यांपर्यंत घट चालवून घेतली जाते.

हे सगळं मान्य करूनही हिंगण्यातली ती न हलणारी पट्टी डोक्यातून जाईना. उत्तर दिलं आमच्या हिंगणा रोडवरच्या मिस्त्रीने. पट्टी त्याने आधी नाकाशी नेली, मग दोन बोटांत ऑइल चोळून पाहिलं.

"भाऊ, हे नुसतं ऑइल नाही. यात पेट्रोल मिसळून राह्यलं."

रोजची माझी फेरी इतकी छोटी, की इंजिन पुरतं तापेपर्यंत कारखान्याचं गेट यायचं. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं न जळलेलं थोडं भिंतीवरून ओघळून तळातल्या ऑइलमध्ये उतरतं, सोबत पाण्याची वाफही. म्हणजे ऑइल इथेही कमी होतच होतं. त्याची जागा पेट्रोल भरून काढत होतं आणि पट्टी भरलेली दिसत होती. लांबच्या धावेत इंजिन तापलं, ते पेट्रोल-पाणी उडून गेलं, आणि इतक्या दिवसांची तूट एका दिवसात उघडी पडली. हलणाऱ्या पट्टीपेक्षा न हलणारी पट्टी मला आता जास्त काळजीची वाटते. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगांना ते पुरेसं सांभाळू शकत नाही. पट्टी मात्र सगळं ठीक असल्यासारखी दिसते.

तरीही सगळा दोष पेट्रोलवर ढकलून भागणार नव्हतं. नवं ऑइल टाकून पुन्हा मेहकरच्या फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी एकाच जागी, गार इंजिनावर मोजलं, तेव्हा खरा खप हजाराला साडेसहाशे-सातशे मिलिलिटर निघाला. मिस्त्री म्हणाला, "लगेच इंजिन नका खोलू. आधी कुठून खाते ते पाहू."

पाहायची रीत साधी आहे आणि प्रत्येक गाडीवाल्याने ती एकदा तरी करावी. हिंगणा टी-पॉइंटच्या सिग्नलला मी गाडी चालू ठेवून उभा राहायचो, माझा मुलगा मागे दुचाकीवर. सिग्नल सुटताच अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पहिल्या झटक्याला निळसर धुराचा एक लोट, मग साफ. सकाळी चालू करतानाही तेच. चालत्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाच्या तोंडाशी पोकळी तयार होते, तेव्हाही व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत ओढलं जातं. ही लक्षणं व्हॉल्व्ह सीलची. रबरच ते, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतं आणि दांड्याला धरत नाही. जोर देऊन चढ चढताना सतत धूर राहिला तर बोट रिंगांकडे जातं. मग मिस्त्रीने प्लग काढून कंप्रेशन मोजलं. एकदा कोरडं, एकदा प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून. ऑइल सोडल्यावर दाब चढला तर रिंगा झिजल्या, कारण ते ऑइल काही क्षण फट बुजवतं. माझ्या गाडीत दाब फारसा चढला नाही. म्हणजे वरच्या रिंगा शाबूत होत्या. बिघाड सीलमध्ये होता, आणि ऑइल रिंगेची भोकं काजळीने भरल्याचा संशयही होता. सततच्या छोट्या फेऱ्यांचं ते दुसरं देणं.

धूर दिसला म्हणून आमचं निदान सोपं झालं. सायलेन्सरच्या वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला असला की थोडंफार ऑइल जाळून टाकतो आणि मागे काहीच दिसत नाही. ऑइलमधला फॉस्फरस मात्र त्याच कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो. त्यामुळे धूर नाही म्हणजे गाडी ऑइल खात नाही, हा समज सोडून द्यावा.

सील बदलायला हेड उतरवावं लागलं नाही. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात आणि वरूनच सील काढतात. हे काम मिस्त्रीने दुकानासमोर, निंबाच्या सावलीत बसून, जराही घाई न करता केलं. ब्रीदरचा व्हॉल्व्ह काजळीने चिकटला होता, तो नवा टाकला. पिस्टनवर काजळी सोडवणारा द्रव ओतून रात्रभर ठेवला, सकाळी बाहेर काढला, मग ऑइल आणि फिल्टर बदलले. खप निम्म्याहून खाली आला. रिंगांसाठी इंजिन खोलायचं नाही असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. उरलेल्या खपाला लागणारं ऑइल इंजिनाच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

या काळात मला बऱ्याच जणांनी सल्ला दिला, की उन्हाळा विदर्भाचा, जाड ऑइल टाका, 20डब्ल्यू-50 टाका, खाणं बंद होईल. मी टाकलं नाही. 5डब्ल्यू-30 साठी बारीक फटी ठेवून बनवलेल्या इंजिनात जाड ऑइल सकाळी वरच्या कॅमपर्यंत पोहोचायला वेळ लावतं, आणि झीज सगळ्यात जास्त त्याच क्षणांत होते. कडक झालेलं सील जाड ऑइलने मऊ होत नाही. आणि आपल्याकडच्या उन्हापेक्षा आपल्याकडची धूळ इंजिनाला जास्त घातक आहे. एमआयडीसीत मुरूम-गिट्टीचे टिप्पर दिवसभर चालतात. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप सैल असली तर ती धूळ थेट बोअरमध्ये जाऊन होनिंगच्या रेघा पुसून टाकते. असे खरवडलेले बोअर आमच्या युनिटमध्ये मी खूप पाहिले आहेत. त्यांना परत बोअर करून मोठा पिस्टन टाकण्याशिवाय इलाज नव्हता.

आता ऑइल बदलायची मुदत दहा हजार किलोमीटरपर्यंत गेली आहे. मधल्या काळात बोनेट कुणी उघडतच नाही, पेट्रोल पंपावरही कुणी विचारत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब गेल्याचं सांगतो. तो लागेपर्यंत बेअरिंग कोरडी पडू लागलेली असतात. म्हणून समृद्धीवर चढणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. निघायच्या दिवशी सकाळी, सपाट जागेवर, गार इंजिनाची पट्टी पाहा. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचा एक लिटरचा डबा डिकीत ठेवा. परत आल्यावर पुन्हा पाहा आणि किती गेलं ते किलोमीटरसकट लिहून ठेवा. रोजची फेरी छोटी असेल तर ऑइल किलोमीटरवर न जाता महिन्यांवर बदला, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा. हजाराला एक लिटरच्या वर खप गेला तर वाट पाहू नका, मिस्त्रीकडे न्या आणि आधी कंप्रेशन मोजायला सांगा.