आज कितवी पायरी?

दोस्तांनो, तुम्ही परक्या शहरात रस्ता विचारलात आणि समोरच्यानं सांगितलं, "सरळ जा, दुसऱ्या रोबोपाशी डावीकडे वळा," तर तुम्ही काय शोधाल? लोखंडी हातपायांचा यंत्रमानव? छे! दक्षिण आफ्रिकेत रस्त्यावरच्या सिग्नललाच 'रोबो' म्हणतात, बरं का!

२०२२ ते २०२४ अशी दोन वर्षं आम्ही जोहान्सबर्गला राहत होतो. सोन्याच्या खाणींमुळे वसलेलं हे शहर. झुलू भाषेत त्याचं नाव 'इगोली', म्हणजे सोन्याचं ठिकाण. उंची सुमारे १७५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जास्त! जून-जुलैत आपल्याकडे पाऊस कोसळत असतो, तेव्हा तिथे कडाक्याची थंडी असते. आणि त्या काळात तिथले रोबो दिवसातून दोन-तीनदा चक्क झोपी जायचे. कारण एकच, लोडशेडिंग. मराठीत आपण त्याला भारनियमन म्हणतो. आई-बाबांना विचारा. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रानंही ते भरपूर सोसलं आहे.

रोबो बंद पडला की चौकात नियम सोपा असतो. चारही बाजूंनी थांबायचं, आणि जो आधी पोचला तो आधी जाणार. पोलीस नसला तरी बहुतेक जण हा नियम पाळायचे.

पण वीज घालवायचीच कशाला? वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. बॅटऱ्या असतात, पण सगळ्या देशाला पुरतील एवढ्या नसतात. म्हणून ज्या क्षणी जितकी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तितकी तयार व्हावी लागते. समजा, तुम्ही ठरावीक वेगानं सायकल चालवताय. मागे एक मित्र बसला, जोर जरा वाढवलात. पुढे दांडीवर दुसरा बसला. आता मात्र दमछाक! वेग कमी होतो, सायकल डगमगते. कुणी उतरलं नाही, तर सगळेच आपटणार. वीजकेंद्रांचंही तसंच. तिथे आणि आपल्याकडेही विजेची कंपनं सेकंदाला ५० ठेवावी लागतात. ओझं वाढलं की ती घटतात. फार घटली की यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद पडतात आणि सगळा देश अंधारात जातो.

३० आणि ३१ जुलै २०१२ ला भारतातही विजेचं जाळं असंच कोसळलं होतं. दुसऱ्या दिवशी तर उत्तर आणि पूर्व भारतातल्या कोट्यवधी लोकांची वीज गेली. सुदैवानं महाराष्ट्राच्या बाजूचं जाळं शाबूत होतं. तिकडून वीज देऊन बंद केंद्रं पुन्हा सुरू करता आली. दक्षिण आफ्रिकेला मात्र असा धष्टपुष्ट शेजारी नाही. उलट आसपासचे देशच तिच्याकडून वीज घेतात. तिचं जाळं पूर्ण कोसळलं, तर ते उभं करायला दिवसच्या दिवस लागतील. म्हणून सायकलवरून थोड्या थोड्या लोकांना पाळीपाळीनं उतरवायचं, हेच ते लोडशेडिंग!

त्यासाठी तिथे पायऱ्या ठरवल्या होत्या. पहिली पायरी म्हणजे १००० मेगावॉटची कपात, दुसरी म्हणजे २००० ची, असं आठव्या पायरीपर्यंत. तिथली बहुतेक वीज कोळशापासून बनते. केंद्रं जुनी झाली होती, नव्यांची कामं रखडली होती. २००७ च्या अखेरीस सुरू झालेलं हे दुखणं २०२३ मध्ये इतकं वाढलं की वर्षातले ३०० हून जास्त दिवस कुठली ना कुठली पायरी असायचीच! सकाळी शेजारी भेटले की हवापाण्याच्या आधी प्रश्न यायचा, "आज कितवी पायरी?"

आमच्या फ्रिजवर शाळेच्या वेळापत्रकाशेजारी अंधाराचं वेळापत्रक असायचं. एका वेळी दोन तास, वरच्या पायरीला कधी चार. शेगडी विजेची, म्हणून नऊ किलोचा गॅस सिलिंडर आणला. इडलीचं पीठ कधी वाटायचं, हे पायरी बघून ठरायचं! गंमत म्हणजे मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही संपायच्या, मग फोनही मुका. उंचावरच्या वस्त्यांत पंप बंद पडले की नळ कोरडे.

तिथली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आम्हांला शेजारच्या आजींनी शिकवली. झुलू भाषेत आजीला 'गोगो' म्हणतात. आमची मुलंही त्यांना गोगोच म्हणायची. पहिल्याच आठवड्यात दिवे गेले आणि गोगो टॉर्च घेऊन कुंपणापाशी आल्या. आम्हांला वाटलं, मेणबत्त्या हव्या असतील. पण त्यांनी विचारलं, "गीझर बंद केलात ना?"

वीजच नाही, मग गीझर बंद कशाला करायचा?

गोगोंनी हिशेब समजावला. तिथे घरोघरी छतात दीडशे लिटरचा गीझर असतो. तो साधारण तीन किलोवॉट वीज घेतो. वीज येताच हजार घरांतले गीझर एकदम सुरू झाले, तर झाले ३००० किलोवॉट! शिवाय हीटर, शेगड्या, फ्रिज. एवढा धक्का एका दमात बसला की रोहित्र किंवा केबल जळते. मग ठरलेला दोन तासांचा अंधार दोन दिवसांचा होतो. त्या जुलैत मागच्या गल्लीत नेमकं तेच झालं. रात्री बाहेर शून्याच्या जवळ तापमान, आणि सबंध गल्ली दोन रात्री काळोखात! तेव्हापासून वीज गेली की मुलं आधी गीझर आणि हीटरची बटणं बंद करायला पळायची. वीज आल्यावरही वीस मिनिटं थांबूनच ती सुरू करायची.

पायरी सगळ्यांना सारखी, पण अंधार मात्र सारखा नव्हता. ज्यांना परवडलं त्यांनी छपरावर सौर पॅनेल बसवली, आमच्यासारख्यांनी इन्व्हर्टर घेतला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सोवेटोत राहायच्या. त्यांच्याकडे एक मेणबत्ती आणि मोबाइलचा टॉर्च. पत्र्याच्या दाटीवाटीच्या घरांत मेणबत्ती कलंडली की आग लागायची भीती. त्यांचा मुलगा २०२३ मध्ये बारावीला होता. तिथे त्या परीक्षेला 'मॅट्रिक' म्हणतात. त्यानं काय केलं? अंधाराचं वेळापत्रकच उलटं वाचलं! संध्याकाळी वीज नसली की झोपायचं, रात्री दोनला ती आली की उठून अभ्यास करायचा. पुढे तो पास झाला. पण मावशी म्हणायच्या, "हुशार आहे खरा, पण त्याला झोप तरी पुरी मिळायला हवी होती." त्यांचं बरोबरच होतं.

केंद्रांची दुरुस्ती झाली, सौर वीज वाढली, आणि २६ मार्च २०२४ नंतर दहा महिने तिथे एकदाही लोडशेडिंग झालं नाही. २०२५ मध्ये ते अधूनमधून काही दिवस परतलं, पण २०२३ सारखी दशा राहिली नाही.

तर मग, तुमच्या घरात सर्वांत जास्त वीज कोणती वस्तू खाते? गीझर, इस्त्री की पाण्याची मोटर? त्यांवर लिहिलेला वॉटचा आकडा मोठ्यांच्या मदतीनं वहीत उतरवा. आणि पुढच्या वेळी दिवे गेले, की "ए, लाइट गेली!" असं ओरडून झाल्यावर आधी ती बटणं बंद करा. आणि हो, शेजारच्या आजींनाही आठवण करा!