ना सोयर, ना सुतक

दहा या आकड्याशी आपल्या लोकांचे फार जुने नाते आहे. घरात मूल जन्मले की दहा दिवस सोयर. माणूस गेले की दहा दिवस सुतक. त्या दिवसांत देवाला शिवायचे नाही, कोणाच्या घरी सणासुदीला जायचे नाही, आणि कोणी बोलावण्याचा तर प्रश्नच येत नाही. म्हणूनच २०२० सालच्या ऑगस्टमध्ये सरकारने जेव्हा जाहीर केले की, गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांनी १२ तारखेपर्यंत गावी पोहोचावे व तेथे दहा दिवस वेगळे राहावे, तेव्हा आमच्या गावच्या म्हाताऱ्या मंडळींना तो हुकूम समजावून द्यावा लागला नाही. 'क्वारंटाइन' हा शब्द काही त्यांच्या जिभेवर शेवटपर्यंत बसला नाही, पण अर्थ पहिल्या दिवशीच कळला. कोणी जन्मले नाही, कोणी मेले नाही, तरीही पाळायचे असे हे तिसरेच सुतक होते.

पाश्चात्त्यांचा आकडा मोठा. एड्रियाटिक समुद्रावरच्या रागूसा शहराने १३७७ साली प्लेगच्या गावाहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे तिसाचे चाळीस झाले, आणि इटालियन भाषेतल्या त्या चाळीसावरून हा शब्द जगभर गेला. आपल्याकडे चौदा दिवस म्हणता म्हणता गणपतीपुरते दहा झाले. त्यामागे पंचांग होते. २२ ऑगस्टला चतुर्थी. १२ ला पोहोचलेला माणूस बरोबर २२ ला मोकळा होतो. सरकारी कचेरीत कोणीतरी कोकणी माणूस बसला असला पाहिजे, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते. मात्र त्या भल्या माणसाने चतुर्थीच्या आधीचे दिवस मोजले. आमच्या रजेच्या वहीतले मोजायचे राहून गेले.

मी राहतो उरणला. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि या बाजूला आगरी-कोळ्यांच्या जोडीला घाटावरची, कोकणातली, उत्तरेकडची माणसे बिऱ्हाडे करू लागली. त्यांतलेच एक माझे. परदेशातून आलेला माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या एका कचेरीत मी कागद रंगवतो. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. (नाव सांगत नाही. आमच्या गावात दिवाळी अंक येतो आणि तो वाचला जातो.) तिथल्या मूळ घरात आमच्या चार घरांचा मिळून एकच गणपती. दर वर्षी एका घराकडे पाळी. पाळी ज्याची, त्याने मूर्तीचा पाट चित्रशाळेत द्यायचा, खर्च करायचा, आणि चतुर्थीला सोवळे नेसून पूजेला बसायचे. माझी आधीची पाळी २०१६ साली झाली होती. पुढची आली ती नेमकी २०२० ला.

गावात राहिले कोण? माझी आई, काका आणि काकू. काकांचे गुडघे गेलेले. त्यांना पाटावर बसता येत नाही. चुलतभाऊ तिघेही ठाणे-मुंबईकडे. म्हणजे जायला हवे होते मीच.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. १२ ते २१ ऑगस्ट वेगळे राहण्यात जाणार. २२ ला गणपती, २५ ला गौर यायची, २७ ला गौरी-गणपतीचे विसर्जन. २८ ला परत. कचेरीचा आणखी एक नियम होता. बाहेरगावाहून येणाऱ्याने सात दिवस कचेरीची पायरी चढायची नाही. म्हणजे ४ सप्टेंबर. सहा दिवसांच्या सणाला एकंदर चोवीस दिवस! माझ्या खात्यावर शिल्लक रजा होती अकरा.

हा कागद घेऊन मी साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नाही. स्वतः नागपूरकडचा, चार महिने घरच्यांचे तोंड न पाहिलेला. त्याने माझा हिशेब दोनदा तपासला, बेरीज बरोबर आहे असे म्हटले, आणि कागद परत दिला.

"अर्धी माणसं आजारी नाहीतर घरी अडकलेली. तुम्ही चोवीस दिवस गेलात तर फायली कोण बघणार? बोट थांबत नाही हो."

बोट थांबत नाही ही गोष्ट खरीच होती. टाळेबंदीत सगळे बंद असताना बंदर चालू होते. कारखाने बंद, रस्ते मोकळे, आणि गोदीत मात्र पेट्यांवर पेट्या चढत होत्या. आमच्या धंद्यात प्रत्येक पेटीला काही 'फ्री डेज' असतात. तेवढ्या दिवसांत माल सोडवला तर ठीक, नाहीतर पुढे दिवसागणिक डिटेन्शनचा आकार चढत जातो. टाळेबंदी लागली तेव्हा नौकानयन खात्याने जहाज कंपन्यांना सल्ला दिला की, २२ मार्च ते १४ एप्रिल या दिवसांत अडकलेल्या पेट्यांवर हा आकार लावू नये. लोखंडाच्या पेटीची अडचण सरकारच्या ध्यानात आली होती. मी साहेबांना विचारले, "पेटीला फ्री डेज असतात, मला का नाहीत?" साहेब हसले, आणि आठ दिवसांची रजा देऊ म्हणाले. आठ दिवसांत मी काय करणार? वेगळ्या खोलीत आठ दिवस बसून नवव्या दिवशी गणपती न बघता परतणार!

एक वाट उरली होती. १२ तारखेनंतर जाणाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आतली चाचणी करून नेली तर जाता येणार होते. पण चाचणी करायची, तिचा कागद हातात पडायचा, मग एस.टी. पकडून पेण, महाड, पोलादपूर करीत कशेडी घाटाच्या नाक्यावर रांगेत उभे राहायचे, आणि हे सारे अठ्ठेचाळीस तासांत. कोकण रेल्वेवरच्या जादा गाड्या सुरू झाल्या १५ ऑगस्टला, म्हणजे बारा तारीख उलटून गेल्यावर. त्या बिचाऱ्या रिकाम्या धावल्या. एस.टी.ने मात्र माणुसकी ठेवली. ६ तारखेपासून गाड्या सोडल्या, एका गाडीत बावीसच माणसे, आणि एस.टी.ने जाणाऱ्याला ई-पास लागणार नाही असे सांगितले.

शिवाय सरकारचे दहा दिवस आणि गावचे दहा दिवस एकच असतील असे नाही. आमच्या ग्राम कृती दलाने आपले चौदा ठरवले होते. कृती दलात होते कोण? माझ्याबरोबर शाळेत पाटी फोडलेले दोघे! त्यांना फोन केला तर एकजण म्हणाला, "तू ये रे, पण शाळेत झोपावं लागेल. नियम तुझ्यासाठी मोडला तर उद्या वाडीतला प्रत्येकजण मोडेल." मला राग आला. पण गावात डॉक्टर नाही, जवळचे मोठे इस्पितळ रत्नागिरीला, आणि घरटी एक तरी म्हातारे माणूस. हे मला ठाऊक असल्यामुळे तो राग फार वेळ टिकवून धरता आला नाही.

रोज संध्याकाळी काम आटोपले की मी पीरवाडीच्या किनाऱ्याकडे चक्कर मारीत असे. समोर पाण्यात जहाजे नांगरून पडलेली असत. बंदरात शिरणारे जहाज एक पिवळे निशाण लावते. फार पूर्वी पिवळ्या रंगाचा अर्थ जहाजावर रोग आहे असा होता. आता तो नेमका उलटा झाला आहे. आता त्याचा अर्थ असा की, माझे जहाज निरोगी आहे, मला आत येण्याची परवानगी द्या. मनात येई, एक पिवळे फडके खिशाला लावून संगमेश्वरच्या एस.टी.त बसावे. अर्थात जहाजाला आत घेतले म्हणून जहाजावरच्या माणसांना उतरू देत होते असे नाही. त्यांचे करार संपले होते, बदली माणसे येऊ शकत नव्हती, विमाने बंद होती. त्या वर्षाच्या अखेरीस जगभर असे सुमारे चार लाख दर्यावर्दी मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते. मला घरी जायला काम सोडत नव्हते. त्यांचे काम संपले होते तरी घर मिळत नव्हते. त्या दिव्यांकडे पाहून माझे दुःख कमी झाले असे मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्याचे मोठे गळू पाहून आपला फोड बरा होत नाही.

याच पाण्याच्या पलीकडे मुंबईचे मांडवी. १८९६ च्या सप्टेंबरात तिथे प्लेग सापडला, आणि १८९७ साली जो साथीच्या रोगांचा चार कलमांचा कायदा झाला, तोच २०२० च्या मार्चमध्ये पुन्हा बाहेर काढण्यात आला. त्या वेळी स्टेशनांवर उतारूंना उतरवून तपासत, संशय आला तर छावणीत ठेवीत. तेव्हाही मुंबईच्या गिरण्यांतली आणि गोद्यांतली माणसे गावाकडे पळत होती, आणि तेव्हाही गावे त्यांना भीत असली पाहिजेत. चाकरमान्याची वाट गाव वर्षभर बघते; पण साथीच्या दिवसांत तोच दारात उभा राहिला की गाव आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघते.

शेवटी आईला फोन केला. ती अठ्ठ्याहत्तरची. मी सगळा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "चौदा दिवस तू शाळेत, मी घरात. डबा मी पाठवणार, तो तू लांबून घेणार. मला हे बघवेल का?" आणि मग जरा थांबून, "पण ये." तिचे 'पण ये' ऐकल्यावर मी दोन रात्री नीट झोपलो नाही. नोकरी सोडून जावे, असेही एकदा मनात येऊन गेले. पण त्या वर्षी गेलेली नोकरी परत मिळण्याचा काळ नव्हता, आणि आईचा औषधपाण्याचा खर्च याच नोकरीवर चाललेला.

कोंडी फोडली काकांनी. त्यांचा फोन आला. आवाज खणखणीत.

"काय रे, उद्या आपल्यात सुतक आलं असतं तर गणपती आणला नसता का?"

"आणला असता."

"कोणी बसवला असता?"

"शेजाऱ्यानं."

"मग झालं तर! तुझं सुतक धर. यंदा आषाढीला माऊली एस.टी.नं पंढरपूरला गेली, तुला काय झालंय?"

मी थक्क झालो. सरकारला, कचेरीला, कृती दलाला जो प्रश्न सुटला नव्हता, त्याची तरतूद आमच्या आजे-पणज्यांनी करून ठेवली होती. माणसाला कधी ना कधी अडकून पडावे लागणार, आणि देवाचा दिवस काही पुढे ढकलता येणार नाही, हे त्यांनी आधीच धरून चालले होते. म्हणून सुतक आले की पूजेला शेजारी. आमच्या कचेरीच्या नियमांच्या पुस्तकात रजेची अनेक कलमे आहेत, पण 'याच्या ऐवजी शेजारी' असे एकही नाही. त्या पुस्तकाला खरोखरच कोणाचे सोयर नाही नि सुतक नाही.

गडग्यापलीकडचा शेजारी शेतकरी माणूस. आयुष्यात कधी मुंबईला नोकरी केली नाही म्हणून थोडा चेष्टेचा विषय झालेला. त्यालाच विनंती करण्यात आली. त्याने पाट चित्रशाळेतून मूर्तीसह आणला. घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत असावी असा त्या वर्षी नियम होता. आमची कधीच दीड फुटापलीकडे नसते, त्यामुळे तिथे काही अडले नाही. त्याने मंडपी बांधली, तिला कवंडळे टांगली, तेरड्याची गौर आणली, पाच दिवस दोन वेळची आरती केली. मी चतुर्थीला दुपारी कचेरीत एका औषधाच्या पेटीची बिल ऑफ एंट्री भरीत होतो. मधल्या सुट्टीत फोनवर चित्र आले. मूर्तीशेजारी सोवळे नेसलेला तो शेजारी, मागे दाराच्या चौकटीत आई. मूर्ती ठीकच होती. मी आईकडेच बघत बसलो. शेजारच्या टेबलावरचा करंज्याचा सहकारी म्हणाला, "भाऊ, जेवून घे." त्याच्या घरचा गणपती दोन कोसांवर, संध्याकाळी तो जाऊन आरतीला उभा राहणार होता. त्याने आपल्या डब्यातले दोन मोदक माझ्या पुढे सरकवले. मी खाल्ले. चांगले झाले होते.

पुढे भावाभावांत एक वाद निघाला. माझी पाळी झाली की चुकली? चुकली म्हटले तर २०२१ माझे, आणि सगळ्यांचाच क्रम एकेक वर्षाने सरकणार. थोरल्या चुलतभावाला ते सोयीचे होते, धाकट्याला नव्हते. काकांनी विचारले, "मूर्ती कोणाच्या पाटावर आली? खर्च कोणी पाठवला?" आणि पाळ्यांच्या वहीत २०२० समोर माझे नाव घालून पुढे लिहिले, 'हस्ते शेजारी'.

त्यामुळे माझी पुढची पाळी २०२४ ला आली. ७ सप्टेंबरला चतुर्थी. एक दिवस आधी निघालो, कशेडीला कोणी अडवले नाही. सकाळी सोवळे नेसून पाटावर बसलो, तर काकांनी तो शेजारीही बोलावून शेजारी बसवलेला. आठ वर्षांत मी पूजेचा क्रम विसरलो असेन, असा त्याचा पक्का समज. मी लाल फूल उचलले, की त्याने माझे मनगट धरून हळूच सांगितले, "आधी दूर्वा."