सुताची पारख

विणकाम म्हटलें कीं डोळ्यांपुढें लोकरच उभी राहते. परंतु आपल्या उष्ण देशांत वर्षाचे बहुतेक महिने अंगाला सोसतें तें सूतच. आणि त्याची पारख मात्र थोड्याच घरांत केली जाते. आम्हांसही ती नव्हती. एका तान्ह्या मुलीच्या टोपड्यानें ती आम्हांस शिकविली.

नोकरीच्या निमित्तानें आमच्या कुटुंबानें जव्हारच्या बाजूस साखरशेत येथें दोन पावसाळे काढले. १९४८ पर्यंत जव्हार हें संस्थान होतें, आज तो पालघर जिल्ह्यांतील तालुका आहे. पण तेथला पाऊस कोणाच्याच अमलाखालीं नाहीं! आषाढांत आठ-आठ दिवस दोरीवरचे कपडे वाळत नसत. अशा दिवसांत धाकट्या जाऊबाई मुलीला घेऊन माहेराहून यावयाच्या होत्या. आजेसासूबाईंची दृष्टि मंदावलेली. तरी पणतीचें पहिलें टोपडें आपल्याच हातचें असावें, हा त्यांचा हट्ट.

सूत आणण्याचें काम आमच्याकडे आलें. दुकानांतल्या तांबड्या सुताच्या चकाकीला आम्ही भुललों. किनारीसाठीं पांढरी लडहि घेतली. आजींनीं सूत चाचपून विचारलें, “धुऊन पाहिलेंस का ग?” आम्हीं “हो” म्हटलें. तें खोटें होतें.

टाके बोटांनीं मोजीत आजी तीन आठवडे विणीत होत्या. पहिल्याच धुण्यांत तांबडा रंग किनारीवर उतरला आणि टोपडें आटून मुलीच्या माथ्यावर बसेना. आजी एवढेंच म्हणाल्या, “माझाच टाका घट्ट पडला असेल.” आम्ही गप्प राहिलों.

ती टोंचणी लागली म्हणून सुताची माहिती मिळविली. एका पौंडांत ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तो त्या सुताचा नंबर; नंबर मोठा तितकें सूत बारीक. चकाकीची गोष्ट निराळी. जॉन मर्सर या इंग्रज गृहस्थानें सूत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणांत बुडविण्याच्या कृतीचें पेटंट १८५० मध्यें घेतलें. पुढें होरेस लो यानें १८९० च्या सुमारास तें ताणून धरलें, तेव्हां त्यास रेशमासारखें तेज आलें. या कृतीनें सूत बळकट होतें, रंग चांगला घेतें. पण तेज म्हणजे पक्क्या रंगाची हमी नव्हे.

म्हणून कामास हात घालण्यापूर्वीं चार बोटें रुंदीचा चौकोन विणून मोजावा, पांढऱ्या फडक्यांत गुंडाळून साबणाच्या कोमट पाण्यांत धुवावा आणि वाळल्यावर पुन्हां मोजावा. फडकें रंगलें तर तें सूत पांढऱ्याशेजारीं घेऊं नये. लागेल तेवढें सूत एकदमच, एकाच वेळीं रंगविलेलें घ्यावें. सुताला लोकरीची लवचिकता नाहीं, ताणलेली कड तशीच राहते; यास्तव कांठ बारीक सुईनें विणावा. ओलें विणकाम भारानें ओघळतें, तें टांगूं नये. आडवें पसरून वाळवावें.

दिवाळीस आम्हीं आजींपुढें कबुली दिली. त्या हंसून म्हणाल्या, “अग, तें मला त्याच दिवशीं कळलें होतें. माझा टाका कधींच घट्ट पडत नाहीं.”

मग त्यांच्यापुढेंच पांढऱ्या सुताचा चौकोन धुऊन, मोजून दाखविला. त्या सुताचें टोपडें त्या मुलीनें घातलें, आणि पुढें तिच्या धाकट्या भावानेंही.