हे औषध कोणी केलं?

ज्यांच्या देण्यातून मी कधीच मोकळी होणार नाही, त्यांतल्या बहुतेकांना मी पाहिलेलंही नाही. कोणी तमिळनाडूत साप धरतं, कोणी पिंपरीला घोड्यांना चारा घालतं. माझी माय आज धडधाकट आहे ती त्यांच्यामुळे.

रोवणीचे दिवस होते. गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावी दिवसभर बांधीत वाकून आलेली माय जमिनीवरच झोपली आणि पहाटे पोटात कळ येते म्हणून उठली. झोपेत तिला मण्यार चावली होती. या सापाचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सूजही येत नाही. मायच्या पापण्या मिटू लागल्या तेव्हा भावाच्या लक्षात आलं. ग्रामीण रुग्णालयात पोचेस्तोवर तिला थुंकी गिळवत नव्हती. डॉक्टरांनी सर्पविषावरच्या लसीची पांढरी भुकटी पाण्यात विरघळवून एकेक बाटली सलाइनमध्ये सोडली. पण मण्यारीच्या विषाने नसांचं टोक एकदा धरलं की लस ते झटकन सोडवू शकत नाही, तोवर श्वास चालू ठेवावा लागतो. व्हेंटिलेटर नव्हता. सिस्टर, वॉर्डबॉय, भाऊ आणि मी आळीपाळीने अंबू बॅग दाबत राहिलो. दाबायचं, सोडायचं, छाती वर येते का बघायचं. हात बदलताना खंड पडू द्यायचा नाही, हे त्या सिस्टरने मला शिकवलं.

बोलती झाल्यावर मायने विचारलं, "कोनं बनवलं वो हे औषद?"

मी तेव्हा नागपुरात केमिकल इंजिनिअरिंग शिकत होते आणि मला उत्तर देता आलं नाही. पुढे निर्जंतुक इंजेक्शनांच्या कारखान्यांत व्हॅलिडेशनचं काम पत्करलं, ते या प्रश्नापायी.

उत्तर लांबलचक आहे. मामल्लपुरमजवळ इरुला आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ची. ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं धरतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि सापांना परत रानात सोडतात. ते विष अगदी थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात. काही महिन्यांत घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. मग रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करायचा, पेप्सिनने त्यातली प्रथिनं तोडायची, गाळायचं, भरायचं, गोठवून सुकवायचं. आपल्या राज्यात हे काम परळच्या हाफकिन संस्थेने केलं. त्यांचे घोडे पिंपरीला. भुकटीच्या रूपात असल्यामुळेच हे औषध वीज जाणाऱ्या, पावसात रस्ता तुटणाऱ्या भामरागडसारख्या भागात टिकतं.

यातलं प्रत्येक पाऊल चुकू शकतं. १९०२च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ज्यांच्या नावाची ही संस्था त्या हाफकिन यांची प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. ठपका त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता ती बाटली उघडायला वापरला होता, हे मानलं जायला आणि त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ उजाडलं.

ही हकिगत मला सांगितली माझ्या पहिल्या वरिष्ठांनी. सगळे त्यांना काका म्हणत. पुण्याजवळ एका कंपनीचा नवा विभाग उभा राहत होता. नकाशाला मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमनाचा दाखला, घोड्यांसाठी प्राणी समितीची परवानगी आणि शेवटी राज्य व केंद्राच्या औषध निरीक्षकांची एकत्र तपासणी, तेव्हा कुठे २८-डी नमुन्यातला परवाना. तारखा ठरल्या होत्या, वर घाई होती. हवा कशी वाहते ते दिसावं म्हणून काकांनी भरणी-यंत्रावर धुराची चाचणी लावली. छतातल्या फिल्टरमधून धूर सरळ खाली उतरत होता, पण ऑपरेटरचा हात जिथे आत जातो त्या कोपऱ्यात तो वळून वर चढला आणि उघड्या बाटल्यांवर रेंगाळला. वळसा तळहाताएवढाच होता. काकांनी सही केली नाही. यंत्राची चौकट बदलली, तपासणी पुढे ढकलली गेली, त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. मला म्हणाले, "मुल्कोवालचा चिमटा असाच असतो, पोरी. दिसतो तेव्हाच धरायचा." परवान्यासाठी लागणाऱ्या फायलींकडे मी तेव्हापासून कटकट म्हणून बघितलेलं नाही. प्रत्येक पानामागे कुणीतरी मेलेलं असतं, असं मी मानते.

आता उरलेलं देणं. देशातली लस चार सापांवर बेतलेली आहे आणि विष बहुतांशी दक्षिणेतलं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात बदलतं. शिवाय गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात पट्टेरी मण्यारही आहे, ती त्या चारांत नाही. लस दक्षिणेच्या विषाची आणि साप आमच्या बांध्यांचे, हे मला मान्य नाही. विष गोळा करण्याचं केंद्र पूर्व विदर्भात असायला हवं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या कलम १२मध्ये जीवरक्षक औषधासाठी सर्पविष काढायला परवानगी देण्याची तरतूद आहे. काही सर्पमित्र, एक निवृत्त वनाधिकारी आणि मी मिळून अर्जाचा मसुदा करतो आहोत: सापांच्या पेट्या कशा, विष सुकवायची खोली कुठे, सोडताना नोंद कोण ठेवणार. धुराच्या चाचणीचं पान मी त्यात आधीच घातलं आहे. इरुलांच्या संस्थेला पत्र लिहून त्यांच्यापैकी कुणी इथल्या गोंड, माडिया पोरांना शिकवायला येईल का, हे विचारायचं आहे. त्या पत्रात मायची हकिगतही लिहिणार आहे.