पुसायची राहिलेली ओळ

आमचे चिरंजीव दिवाळीच्या सुटीत घरी आले ते एक रोगी बरोबर घेऊन. रोगी म्हणजे त्यांनी हौसेने स्वतःच लिहिलेला कर्नल, संगणकाच्या पोटातला मुख्य कारभारी. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची सुरुवात केली तीही म्हणे पडद्यावर नुसते ‘ए’ आणि ‘बी’ छापणाऱ्या दोन कामांपासून. तेव्हा हसायची सोय नव्हती.

“तुझ्या कारभाऱ्याला दुखतं कुठे?” मी विचारले.

“हिशेब चुकतो, बाबा. मेमरीची १०२४ पानं. त्यातली ९२७ वाटली. शिल्लक किती?”

“९७.” मास्तरकी केल्यावर एवढे तरी यायलाच हवे.

“पडद्यावर ९७२४ येतात!”

मूळ इस्टेट हजाराची आणि शिल्लक पावणेदहा हजारांची! असा कारभारी मला मिळाला तर मी सोडणार नाही. पण पोरगा तीन रात्री मेमरीचा कोड उसवत बसला होता. डोळे तांबारले होते, चिवड्याची बशी तशीच पडली होती.

चौथ्या रात्री त्याने दुसरा साक्षीदार उभा केला. हे प्रयोग खऱ्या यंत्रावर करीत नाहीत. क्यूएमू नावाचा एक प्रोग्रॅम संगणकाचे सोंग घेतो, त्यात करतात. पडद्यावर जाणारे प्रत्येक अक्षर त्याने सीरियल पोर्टवरही पाठवले. तिकडे स्वच्छ ९७ उमटले! म्हणजे हिशेब बरोबर होता. तो पडद्यावर लिहिणारा कारकून, ज्याला ते कन्सोल ड्रायव्हर म्हणतात, तोच खोटे सांगत होता.

या पडद्यावर २५ ओळी, ओळीत ८० घरे. प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षराचा, एक रंगाचा. पंचविसावी ओळ भरली की साऱ्या ओळी एकेक पायरी वर सरकवायच्या आणि तळाशी नवी लिहायची. पहिल्या २५ ओळी बिनचूक असत. घोटाळा सव्विसाव्यापासून.

मी चष्मा सावरून पाहिले. वरच्या ओळीत १०२४, खालच्या ओळीत ९७२४.

“अरे, तू फळा पुसला नाहीस!”

तो माझ्याकडे बघतच राहिला. ओळी वर सरकल्या तरी तळाची जुनी ओळ जागेवरच होती. तिच्यावर ९७ लिहिले, १० झाकले गेले, २४ उरले. त्याने तळाची ८० घरे कोरी करणाऱ्या दोन ओळी घातल्या, मुद्दाम शंभर ओळी छापून पाहिल्या. ९७!

“तीन रात्री मी मेमरीला शिव्या दिल्या, बाबा. बिचारीचा काही दोष नव्हता.” तो हसला आणि चिवड्याची बशी ओढून घेतली.

मला मात्र चिवडा गोड लागेना. गडबड करणाऱ्यांची नावे वर्गनायकाने फळ्यावर लिहायची असा माझ्या वर्गाचा शिरस्ता. श्रावणात एका मुलाचे नाव दिसले म्हणून मी त्याला तासभर उभे केले. “सर, ते कालचं आहे,” तो म्हणाला. मी म्हणालो, “फळा खोटं बोलतो का?” त्यानंतर तो काही बोलला नाही.

शाळा उघडायला अजून आठ दिवस आहेत. तो पहिल्याच बाकावर बसतो.