आकाशांतील बोलणें

स्वयंपाकघरांतून हांक आली कीं आपण ‘आलोंच’ म्हणून उत्तर देतों. वस्तुतः आपण आलेलों नसतों. पुष्कळदां जागचे उठलेलोंहि नसतों. गाडीची वेळ झाली म्हणून सोबती दारांतून ओरडूं लागला, तर ‘हा काय, निघालों!’ असें म्हणणारा गृहस्थ त्या वेळीं चपला शोधीत असतो. क्रियापद भूतकाळाचें आणि अर्थ भविष्यकाळाचा. ऐकणारासहि तें ठाऊक असतें, म्हणून कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. व्याकरणाच्या तासाला हें उदाहरण आम्ही हटकून देतों व मुलें हंसतात. परंतु अशाच दुटप्पी अर्थाचें एक वाक्य १९७७ सालीं एका विमानाच्या कॉकपिटांतून उच्चारलें गेलें, आणि त्यानंतर सुमारें अर्ध्या मिनिटानें जो अनर्थ झाला त्यांत ५८३ माणसें मेलीं. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस विमानांचा नाद फार. वेग, उंची, पंखांची लांबी हें सर्व त्यांस पाठ आहे. विमानांतील मंडळी जमिनीवरील मंडळींशीं बोलतात कशीं, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

हें बोलणें बिनतारी यंत्रानें चालतें. टेलिफोनावर दोघे एकदम बोलले तरी एकमेकांचें थोडथोडें ऐकूं येतें; येथें तसें नाहीं. एका विभागांतील सर्व विमानें आणि त्यांचा नियंत्रक एकाच लहरीवर असतात. बोलावयाचें झाल्यास कळ दाबून धरावी, बोलावें, कळ सोडावी, आणि मग ऐकावें. कळ दाबलेली असेपर्यंत बोलणारास दुसऱ्याचें कांहींच ऐकूं येत नाहीं. दोघांनीं एकाच क्षणीं कळ दाबली तर तिसऱ्याच्या कानीं बहुधा कर्कश शिटीसारखा आवाज पडतो, व शब्द बुडून जातात. ज्यांनीं कळ दाबली त्यांस मात्र आपण बोललों व तें पोंचलें असेंच वाटतें. एखाद्याची कळ अडकून तशीच राहिली, तर सबंध विभाग मुका होतो. एका वेळीं एकानेंच बोलावें हा नियम शाळेंत आम्ही शिस्तीसाठीं घालतों. तेथें तो प्राणासाठीं आहे.

आतां तो १९७७ च्या मार्च महिन्याच्या २७ तारखेचा प्रसंग. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ स्पेनच्या ताब्यांतील कॅनरी बेटें आहेत. त्यांपैकीं ग्रान कॅनारिया बेटावरील विमानतळावर बाँब फुटला, म्हणून तेथें उतरणारीं विमानें टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळविण्यांत आलीं. तेथें धांवपट्टी एकच. तिच्या शेजारचा रस्ता उभ्या विमानांनीं अडलेला. त्यामुळें उड्डाणासाठीं टोंकाला जाणाऱ्या विमानांस धांवपट्टीवरूनच चालत जाणें भाग होतें. जागा डोंगराळ, पाहतां पाहतां ढग खालीं उतरले. हॉलंडच्या केएलएम कंपनीचें एक प्रचंड विमान टोंकाला जाऊन वळून उभें राहिलें. त्याच्या समोरून, त्याच धांवपट्टीवर, अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीचें तितकेंच मोठें विमान हळूहळू येत होतें. दोघांस एकमेकांचें दर्शन नाहीं. मनोऱ्यावरील नियंत्रकास दोघांचेंहि नाहीं. जमिनीवरील विमानें दाखविणारें रडार तेथें नव्हतें. तिघांमध्यें धागा होता तो केवळ आवाजाचा.

नियंत्रकानें डच विमानास उडाल्यानंतरचा मार्ग सांगितला. ही मार्गाची परवानगी होती, उड्डाणाची नव्हे. परंतु तींत ‘उड्डाण’ हा शब्द येऊन गेला. सहवैमानिकानें ती परत म्हणून दाखविली आणि शेवटीं इंग्रजींत असें कांहींसें जोडलें कीं, आम्ही आतां उड्डाणावर आहों. याचा अर्थ काय करावा? नियंत्रकानें केला तो असा कीं, विमान उड्डाणाच्या जागीं सज्ज उभें आहे. प्रत्यक्षांत विमान धांवूं लागलें होतें. भाषाशास्त्रज्ञांपैकीं कांहींचें म्हणणें असें कीं, चालू क्रिया सांगण्याची डच भाषेची जी धाटणी आहे ती त्या घाईच्या क्षणीं इंग्रजींत उतरली. आम्हांस हें पटतें. परभाषा कितीहि घोटली तरी घाईच्या वेळीं जिभेवर मायबोलीचेंच वळण येतें, हें निबंधाच्या वह्या तपासणारांस निराळें सांगावयास नको.

नियंत्रक ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला, आणि मग म्हणाला कीं, उड्डाणासाठीं थांबा, मी बोलावीन. त्याच वेळीं अमेरिकन वैमानिकानेंहि कळ दाबून सांगितलें कीं, आम्ही अजून धांवपट्टीवरच आहों. एकानें थांबा म्हटलें, दुसऱ्यानें आम्ही समोर आहों म्हटलें. दोन्ही वाक्यें नेमकीं तीं, जीं त्या वेळीं ऐकूं जावयास हवीं होतीं. दोन्ही एकमेकांवर आदळलीं, आणि डच कॉकपिटांत ‘ओके’ तेवढें स्वच्छ ऐकूं आलें. पुढें शिटी. त्या कॉकपिटांत आणखीहि एक आवाज झाला. त्याविषयीं शेवटीं लिहूं. डच विमानांतील २४८ पैकीं एकहि वांचला नाहीं. अमेरिकन विमानांतील ३३५ गेले व ६१ वांचले.

यानंतर बिनतारी भाषेची जी झाडाझडती झाली ती भाषेच्या शिक्षकानें अभ्यासावी अशी आहे. उड्डाणाचा वाचक इंग्रजी शब्द आतां फक्त उड्डाणाची परवानगी देतांना, ती परत घेतांना किंवा ती मिळाल्याचें परत म्हणतांना वापरावयाचा. इतर ठिकाणीं ‘प्रस्थान’ अशा अर्थाचा निराळा शब्द. परवानगीला नुसतें ‘ओके’ चालत नाहीं. महत्त्वाची प्रत्येक सूचना शब्दशः परत म्हणावी लागते. आमचा एक जुना विद्यार्थी मुंबईस नियंत्रक आहे. सुटींत भेटीस आला तेव्हां तो म्हणाला, “सर, परत म्हणून घेणें सोपें आहे. तें म्हणणें नीट ऐकणें कठीण. आपण जें सांगितलें तेंच आपल्याला ऐकूं येतें, समोरचा चुकीचें म्हणाला तरी.” शुद्धलेखन घालतांना ‘समजलें ना?’ या प्रश्नास वर्गांतून एकमुखानें ‘हो सर’ येतें. या उत्तरावर आमचा कधींच विश्वास बसला नाहीं. परंतु परत म्हणणारापेक्षां परत ऐकणाराचें काम अवघड, ही गोष्ट त्यानें आम्हांस शिकविली.

आंकडे हाहि त्याच घरांतला विषय. इंग्रजींत पांच व नऊ हे रेडिओवर सारखे वाटतात, म्हणून नवाचा उच्चार ‘नाइनर’ असा करण्याचा प्रघात आहे, आणि आंकडे सुटे सुटे सांगतात. आपल्या एकोणसाठ-एकोणसत्तरानें टेलिफोनावर किती घोंटाळे केले आहेत हें आठवलें म्हणजे यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. अरबी समुद्रावरील दूरच्या विमानांशीं मुंबईहून लघुलहरींवर बोलतांना खरखरींतून हे आंकडे वेंचावे लागत; आतां पुष्कळशा विमानांशीं टंकलिखित संदेशांची सोय झाली आहे.

पण शब्द स्पष्ट ऐकूं आले म्हणजे काम झालें असेंहि नाहीं. २५ जानेवारी १९९० रोजीं कोलंबियाचें एक विमान न्यूयॉर्ककडे येतांना वाटेंत तासाहून अधिक वेळ घिरट्या घालीत होतें. इंधन संपत आलें होतें. सहवैमानिकानें ‘प्राधान्य’ मागितलें, इंधन संपत असल्याचेंहि सांगितलें. पण ‘आणीबाणी’ हा ठरलेला शब्द एकदांहि उच्चारला नाहीं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर नियंत्रकानें सांगितलेली लांबची फेरी इंधनाच्या दृष्टीनें चालेल ना, या प्रश्नास, चालेलसें वाटतें, आभारी आहों, असें अदबीचें उत्तर गेलें. विमान लाँग आयलंडवरील कोव्ह नेक या गांवीं कोसळलें. १५८ पैकीं ७३ मेले. पानावर बसून पोट रिकामें असतां ‘नको नको’ म्हणणारा आमच्याकडचा पाहुणा आम्हांस येथें आठवला.

आणि १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ तर आपल्याच देशांतील. दिल्लीहून चढणारें सौदी विमान १४ हजार फुटांवर थांबविलें होतें, दिल्लीकडे उतरणारें कझाकस्तानचें विमान १५ हजारांवर. जाण्यायेण्याचा मार्ग एकच. कझाक विमानांत इंग्रजी संभाषणाची भिस्त एका रेडिओ-चालकावर होती. उंचीचें यंत्र त्याच्या पुढ्यांत नव्हतें, वैमानिकांच्या खांद्यांवरून तें पाहावें लागे. म्हणजे सूचना समजणारा एक आणि विमान चालविणारे दुसरे. विमान १५ हजारांच्या खालीं उतरत गेलें. हरियाणांतील चरखी दादरीजवळ टक्कर होऊन ३४९ माणसें मेलीं. एकहि वांचलें नाहीं. सौदी विमानांत नोकरीसाठीं अरबस्तानांत निघालेले पुष्कळ हिंदी लोक होते. यानंतर दिल्लीचे मार्ग वेगळे केले गेले, आणि समोरच्या विमानाची चाहूल घेऊन वैमानिकास सावध करणारें यंत्र आपल्या देशांत आवश्यक ठरलें. दुभाष्यामार्फत संसार चालतो. त्या वेगाचें विमान चालत नाहीं.

आतां टेनेरिफच्या कॉकपिटांतील राहिलेला आवाज. शिटी थांबल्यावर नियंत्रकानें अमेरिकन विमानास धांवपट्टी सोडल्यावर कळवा म्हणून सांगितलें, व त्यानें कळवितों म्हटलें. हें डच विमानांत ऐकूं आलें. दोन्ही वैमानिक वेग घेण्याच्या कामांत गुंतले होते. मागें बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनें मात्र ऐकलें आणि विचारलें कीं, तें विमान अजून बाजूला झालें नाहीं काय? कप्तान व्हान झान्टेन हे कंपनीचे प्रमुख शिक्षक. त्यांचें छायाचित्र कंपनीच्या जाहिरातींत झळकत असे. त्यांनीं ठासून सांगितलें कीं, झालें आहे. त्यानंतर इंजिनिअरनें पुन्हां विचारलें नाहीं. ध्वनिमुद्रणांत हें सर्व आहे. बिनतारी यंत्र नव्हतें, परभाषा नव्हती, शिटी नव्हती. हातभर अंतरावरून, मायबोलींत विचारलेला प्रश्न होता.

१९७९ सालीं अमेरिकेंतील नासा या संस्थेनें भरविलेल्या परिषदेपासून कप्तानास शंका ऐकावयास आणि कनिष्ठांस ती पुन्हां बोलावयास शिकविण्याची पद्धत सुरू झाली. आतां ती जगभर चालते. इकडे विमानेंहि बदललीं. नवीन प्रवासी विमानांत वैमानिक दोघेच असतात. फ्लाइट इंजिनिअरची खुर्ची काढून टाकलेली आहे.